निकाल राखीव, पात्रता प्रलंबित, परिपत्रकात बसत नाही : म्हणजे नेमकं काय?

पत्र : माझी मुलगी कर्नाटकातून पी.यू.सी., म्हणजे तिकडची बारावी, करून महाराष्ट्रातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम.ला आली. आता सहाव्या सत्राचा निकाल लागला. गुण सगळे पासाचे आहेत, पण निकालाच्या रकान्यात ‘आर.एल.ई.’ छापलंय. कॉलेजच्या ऑफिसात म्हणतात, तिची पात्रता प्रलंबित आहे. विद्यापीठाच्या खिडकीवर म्हणाले, परिपत्रकात बसत नाही. एक सर म्हणतात ऑर्डिनन्स बघा, तर दुसरे विचारतात टर्म ग्रँट झाली होती का. मी एस.टी.त कंडक्टर आहे. या शब्दांनी डोकं गरगरायला लागलंय. मुलीला एम.कॉम.ला अर्ज करायचाय. शब्दांचे अर्थ सांगा आणि कुठल्या दारात जायचं तेही सांगा.
— एक पालक, सीमाभाग

उत्तर : नमस्कार. चौघांनी तुम्हाला चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत, पण त्यातली एकच तुमच्या हातातल्या कागदाला लागू पडते. आणि ती बहुधा पात्रता नाही.

आधी आर.एल.ई. निकालपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात खुणांची सूची असते, ती कोणी वाचत नाही. मुंबई विद्यापीठाच्या निकालात @ ही खूण ओ.५०४२ (‘ओ.’ म्हणजे ऑर्डिनन्स) खाली मिळालेल्या वाढीव गुणांची, # ही ओ.२२९ ची, आणि आर.एल.ई. म्हणजे खालच्या परीक्षेसाठी निकाल राखीव. इतर विद्यापीठांत खुणा थोड्याफार बदलतात, म्हणून तुमच्या पत्रकाच्या तळाची सूची एकदा वाचून खात्री करा. अर्थ असा की सहावं सत्र मुलगी पास झाली आहे, पण आधीच्या कुठल्या तरी सत्रातला एखादा विषय विद्यापीठाच्या नोंदीत अजून राहिलेला दिसतो. तो सुटल्याची नोंद झाली की हाच निकाल खुला होतो. सहाव्या सत्राची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. पात्रतेमुळे निकाल अडला असता, तर सहसा ‘तात्पुरता’ किंवा ‘रोखलेला’ अशा अर्थाची वेगळी खूण आली असती. कॉलेजचं म्हणणं खोटं आहे असं नाही. पात्रताही प्रलंबित असू शकेल. पण मग तुमच्यापुढे एक नाही, दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत. एक सोडवल्याने दुसरं सुटणार नाही. हे आत्ताच लक्षात घ्या, नाहीतर पात्रता मिळवून महिन्याभराने परत याल आणि आर.एल.ई. तिथेच असेल.

टर्म ग्रँट, म्हणजे सत्र मान्य होणं, हा प्रश्न मात्र सोडून द्या. सत्र मान्य होतं ते हजेरी, अंतर्गत काम आणि फी यांवर. हजेरीची अट साधारण ७५ टक्के असते, आणि आजारपणासारख्या कारणासाठी प्राचार्य त्यात काही सूट देऊ शकतात. सत्र मान्य झालं नसतं, तर परीक्षेचा अर्जच पुढे गेला नसता आणि हॉल तिकीट मिळालं नसतं. मुलगी परीक्षेला बसली, गुण छापून आले, त्याअर्थी सत्र मान्य आहे. ए.टी.के.टी. ही निराळी गोष्ट. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देण्याची ती मुभा आहे. किती विषय राहिले तर चालतात आणि कोणत्या सत्राच्या आधी कोणतं सत्र पूर्ण सुटलेलं हवं, हे प्रत्येक विद्यापीठात आणि प्रत्येक पॅटर्नमध्ये, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या आराखड्यात, वेगळं असतं. म्हणून शेजारच्या मुलाचा अनुभव इथे उपयोगाचा नाही. त्याने एक वर्ष आधी प्रवेश घेतला असेल, तर त्याचा नियमही वेगळा असू शकतो. सामान्यतः ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा पॅटर्न लागू होतो. मध्येच पॅटर्न बदलला असेल, तर जुन्या विषयाच्या जागी कोणता नवा विषय धरायचा याचा तक्ता निघतो. त्याला समकक्ष विषयांची यादी म्हणतात.

तेव्हा पहिलं काम घरीच करा. पहिल्या ते सहाव्या सत्रापर्यंतची सगळी गुणपत्रकं, पुनर्परीक्षेचीही, जमिनीवर ओळीने मांडा. प्रत्येक विषयापुढे ‘पास’ आहे का बघा. यातून तीनपैकी एक गोष्ट निघेल. एखादा विषय खरोखरच राहिला असेल, तर पुढच्या परीक्षेचा अर्ज भरणं हाच मार्ग. विषय पुनर्परीक्षेत सुटला, पण नोंद जुनीच राहिली असेल, तर तो निव्वळ नोंदवहीचा दोष. असं बहुतेक वेळा पुनर्परीक्षेचा अर्ज भरताना कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पी.आर.एन., चुकला किंवा नावाचं स्पेलिंग बदललं म्हणून होतं. मग नवा निकाल जुन्या खात्याला जोडला जात नाही. तिसरी शक्यता म्हणजे अंतर्गत गुण किंवा प्रकल्पाचे गुण कॉलेजकडून विद्यापीठाच्या प्रणालीत गेलेच नाहीत आणि तिथे ‘गैरहजर’ उमटलं. ही चूक कॉलेजची असते आणि ती कॉलेजच्या पत्राशिवाय दुरुस्त होत नाही. ऑफिसात ‘पात्रता प्रलंबित’ हे उत्तर इतक्या चटकन का येतं, याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं.

आता पात्रता. बाहेरच्या मंडळातून किंवा विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याबाबत विद्यापीठ दोन गोष्टी तपासतं : आधीची परीक्षा आपल्याकडच्या परीक्षेशी समकक्ष आहे का, आणि कागद खरे आहेत का. कर्नाटकाचं मंडळ मान्यताप्राप्त आहे, त्यामुळे समकक्षतेची काळजी नको. अडतं ते कागदांवर. प्रवेशाच्या वेळी मिळते ती तात्पुरती पात्रता. मूळ कागद तपासल्यावर मिळते ती अंतिम. मधल्या काळात प्रवेश, परीक्षा, निकाल सगळं चालू राहतं, म्हणून तीन वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही आणि पदवीच्या तोंडाशी गाडी अडते.

पी.यू.सी. करून आलेल्यांच्या फाइली साधारण तीन जागी अडतात. पहिली म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात. ते तिथल्या मंडळाकडून मिळतं. कॉलेज सोडल्याचा दाखला वेगळा, तो कॉलेज देतं. एक दिला म्हणजे दुसरा नको, असं समजून पालक निवांत राहतात. दुसरी जागा म्हणजे प्रतिस्वाक्षरी. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या जिल्ह्याच्या शिक्षण अधिकाऱ्याची सही मागण्याची पद्धत आहे. तुमच्याकडे ती मागितली आहे का, ते लेखी विचारून घ्या. तोंडी विचारलंत तर उगाच एक खेप पडेल. तिसरी जागा सगळ्यात त्रासाची : नाव. कर्नाटकच्या कागदांवर बहुधा मुलीचं नाव आणि पुढे आद्याक्षरं असतात. इथे आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि सोबत आईचं नाव असा क्रम लागतो. संगणकाला ही दोन माणसं वाटतात. यावर कोणी लगेच ‘राजपत्रात नाव छापून आणा’ म्हटलं तर घाई करू नका. राजपत्रातली जाहिरात नाव बदलल्याची असते. तुम्हाला नाव बदलायचं नाही, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत एवढंच दाखवायचं आहे. त्यासाठी ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्र, दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार एवढं पुष्कळदा पुरतं. तिथे काय चालतं ते पात्रता विभागाला विचारा आणि मगच खर्च करा.

आणखी एक शक्यता आहे, तिच्याबद्दल उघड बोललेलं बरं. कॉलेजने पात्रतेचे अर्ज वेळेत पाठवलेलेच नसतात, किंवा त्यांचं शुल्क भरलेलं नसतं. ऑफिसात एकच प्रश्न विचारा : ‘मुलीचा पात्रता अर्ज कोणत्या जावक क्रमांकाने, कोणत्या तारखेला विद्यापीठाकडे गेला?’ क्रमांक मिळाला, तर विद्यापीठात त्याच्या पुढच्या टप्प्याचा माग काढता येतो. नाही मिळाला, तर फाइल कुठे आहे ते कळलंच.

एवढ्या उशिरा पात्रता नाकारून तीन वर्षं पाण्यात घालतील का, ही तुमची खरी भीती असणार. सर्वोच्च न्यायालयाचा श्रीकृष्ण विरुद्ध कुरुक्षेत्र विद्यापीठ हा निकाल यावर वारंवार सांगितला जातो. कागद तपासायची संधी विद्यापीठाला होती, विद्यार्थ्याने काही लपवलं नव्हतं, तरी परीक्षेला बसू दिलं, आणि मग उमेदवारी काढून घेतली, असं करता येणार नाही असं त्यात १९७५ साली ठरलं. तो निकाल हजेरीच्या कमतरतेवरचा होता. मूळ परीक्षाच पास नसलेल्याला किंवा खोटे कागद देणाऱ्याला तो वाचवत नाही. तुमच्या मुलीची पी.यू.सी. खरी आणि पूर्ण आहे, तेव्हा प्रश्न कागद पुरे करण्याचा आहे, पदवी गमावण्याचा नाही.

राहिले परिपत्रक आणि ऑर्डिनन्स. डेपोच्या फळ्यावरची सूचना आणि महामंडळाचा सेवानियम यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. इथेही तसंच आहे, फक्त पायऱ्या जास्त आहेत. सगळ्यात वर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याने १९९४ चा जुना कायदा संपवला. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, सोलापूर, अमरावती यांसारखी विद्यापीठं त्याखाली येतात. कृषी, आरोग्य विज्ञान आणि मुक्त विद्यापीठाचे कायदे वेगळे आहेत. अधिनियमाखाली परिनियम येतात. ते अधिसभा, म्हणजे सिनेट, करते आणि त्यांना कुलपतींची संमती लागते. कुलपती म्हणजे राज्यपाल. रोजचा कारभार बघतात ते कुलगुरू. परिनियमाखाली अध्यादेश. तुमचे सर ऑर्डिनन्स म्हणाले ते हेच. बातम्यांत राज्यपालांचा अध्यादेश येतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. तो विधिमंडळ नसताना निघतो आणि पुढे कायदा झाला नाही तर संपतो. विद्यापीठाचा अध्यादेश व्यवस्थापन परिषद करते. प्रवेश, परीक्षा, उत्तीर्णतेचे निकष अशा शैक्षणिक बाबींत विद्यापरिषदेचा प्रस्ताव आधी लागतो. बदलेपर्यंत तो चालू राहतो. त्याखाली विद्यापीठाच्या प्राधिकरणांचे विनियम. ए.टी.के.टी. कधी, वाढीव गुण किती, निकाल राखीव केव्हा ठेवायचा हे सगळं अध्यादेशात किंवा विनियमात सापडतं. मुंबईच्या कागदांवर क्रमांकाआधी ‘ओ.’ असेल तर अध्यादेश, ‘आर.’ असेल तर विनियम.

विनियम हा शब्द दोन ठिकाणी येतो, त्याने गोंधळ होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम १९५६ च्या केंद्रीय कायद्याखाली राजपत्रात निघतात आणि त्यांचं वजन विद्यापीठाच्या विनियमांहून फार मोठं असतं. आयोगाच्या ‘मार्गदर्शक सूचना’ मात्र त्या तोडीच्या नाहीत.

परिपत्रक या सगळ्यांच्या तळाशी. ते कळवण्यासाठी असतं : तारीख, शुल्क, कार्यपद्धती, नमुना. अध्यादेशाने दिलेला हक्क परिपत्रकाने काढून घेता येत नाही आणि अध्यादेशात नसलेली नवी अट घालता येत नाही. पण खिडकीवरच्या लिपिकाशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला परिपत्रकाबाहेर जायचा अधिकारच नाही. त्याच्याकडून फक्त परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक घ्या. क्रमांक सांगता आला नाही, तर ‘परिपत्रकात बसत नाही’ हे त्याचं मत झालं, नियम नव्हे.

अधूनमधून कुलगुरूंचे ‘निर्देश’ही दिसतील, विशेषतः विदर्भातल्या विद्यापीठांत. एखाद्या बाबीवर परिनियम, अध्यादेश, विनियम काहीच नसेल, तर २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १२(८) खाली कुलगुरू निर्देश काढून तात्पुरती सोय करू शकतात. सहा महिन्यांत त्याचं रीतसर रूपांतर झालं नाही, तर तो आपोआप गळून पडतो. म्हणून जुना निर्देश कोणी दाखवला, तर पुढे त्याचं काय झालं हे विचारायचं. शासन निर्णय, म्हणजे जी.आर., हा तर वेगळाच प्रवाह आहे. तो मंत्रालयातून निघतो. त्यात अनुदान, शिष्यवृत्ती, पदभरती, शुल्क येतं, तुमच्या मुलीच्या गुणांचा त्यात संबंध नाही. त्यावरच्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ आकडे तारखेचे असतात. तो संकेतांक भरून शासनाच्या संकेतस्थळावर खरा जी.आर. शोधता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अर्ध्या पानावर विसंबू नका.

‘अनुदानित’बद्दल एक वाक्य. अनुदान महाविद्यालयाला सरसकट नसतं, अभ्यासक्रमाला आणि तुकडीला असतं. एकाच इमारतीत अनुदानित बी.कॉम. आणि विनाअनुदानित एम.कॉम. असू शकतं. एम.कॉम.ची फी बघून दचकण्याआधी हे विचारून घ्या. ‘स्वायत्त’ महाविद्यालय असेल तर परीक्षा आणि निकाल त्याचेच असतात, पदवी मात्र विद्यापीठाची. तुम्हाला विद्यापीठाच्या खिडकीवर जावं लागलं, त्यावरून तुमचं कॉलेज संलग्न दिसतं, स्वायत्त नव्हे. म्हणून परीक्षेचं दार विद्यापीठात आहे.

दोन प्रकरणं, दोन अर्ज. आर.एल.ई.चा अर्ज ‘संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ’ यांना. जुन्या कायद्यात याच पदाला परीक्षा नियंत्रक म्हणत आणि लोक अजून तेच म्हणतात. पात्रतेचा अर्ज ‘कुलसचिव (पात्रता विभाग)’ यांना. दोन्ही ‘प्राचार्यांमार्फत’, आणि दोन्हींची आगाऊ प्रत थेट विद्यापीठाच्या आवक विभागात. अर्ज मुलीच्या नावाने, तिच्या सहीने. तुम्ही पालक असलात तरी विद्यार्थी ती आहे. मजकूर एवढाच पुरे :

‘मी अमुक, पी.आर.एन. अमुक, बी.कॉम. सत्र सहा, आसन क्रमांक अमुक. माझा निकाल आर.एल.ई. दाखवला आहे. सत्र अमुकमधील अमुक विषय मी अमुक महिन्याच्या परीक्षेत, आसन क्रमांक अमुकने उत्तीर्ण झाले आहे. गुणपत्रकाची प्रत जोडली आहे. नोंद अद्ययावत करून निकाल जाहीर करावा. तसे करता येत नसल्यास, कोणत्या अध्यादेशाच्या किंवा विनियमाच्या आधारे, ते क्रमांकासह कळवावे.’

शेवटचं वाक्य काढू नका, त्यानेच उत्तर लेखी येतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. मूळ कागद सोडून येऊ नका. मायग्रेशन मूळच द्यावं लागतं, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा आणि दिल्याची पोच घ्या.

उत्तरं येतील तेव्हा त्यातले शब्द नीट वाचा. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे अजून मान्यता नाही. ‘स्थगित’ म्हणजे रद्द नव्हे. ‘कार्योत्तर मान्यतेस अधीन राहून’ म्हणजे काम झालंय, पण शिक्कामोर्तब बाकी आहे. ‘शुद्धिपत्रक’ आलं, तर मूळ कागदाला टाचून ठेवा, एकटं ते निरुपयोगी.

दोन-तीन आठवड्यांत काही हललं नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम कामाला येतात. ठरल्या वेळेपलीकडे रखडलेला निकाल आणि अडवून ठेवलेली कागदपत्रं या दोन्ही गोष्टी त्यातल्या ‘तक्रारी’त मोडतात. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यावा असं अपेक्षित आहे. तक्रारीबरोबर आवक शिक्का असलेली प्रत जोडलीत तर ती लवकर पुढे सरकते. नुसती तोंडी हकिकत सांगितलीत, तर पहिली तारीख तीच लिहून घेण्यात जाते.

माहितीचा अधिकार समांतर वापरता येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, मुदत ३० दिवस. त्यात ‘निकाल का अडवला?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी कारणं तयार करून द्यायला बांधील नसतो. मागायचं ते असं : मुलीच्या पात्रता प्रकरणातील टिपणीची प्रत, तिच्या सर्व सत्रांच्या नोंदीचा उतारा, आणि लागू अध्यादेशाची प्रत. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांत प्रथम अपील.

एम.कॉम.साठी मात्र हे सगळं संपायची वाट बघू नका. प्रवेशाची शेवटची तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकात असते आणि ती तुमच्या फाइलीसाठी थांबत नाही. आजच अर्ज भरा. निकाल राखीव असलेल्यांना हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात का, हे कॉलेजला विचारा. सर्वत्र देतात असं नाही. दिला, तर निकाल सादर करण्याची मुदत हमीपत्रावर तारखेने लिहून घ्या, ‘लवकरात लवकर’ असं नको. एम.कॉम. दुसऱ्या विद्यापीठात करणार असाल, तर तिथे पुन्हा मायग्रेशन लागेल, यावेळी आत्ताच्या विद्यापीठाचं, आणि ते अंतिम पात्रता झाल्याशिवाय सहसा मिळत नाही. त्याच विद्यापीठात केलंत, तर ही खेप वाचते.